माळे वाढतील, मोहल्ला टिकेल का?

ईशाच्या नमाजनंतर गच्चीवर सभा भरली होती. डोंगरीत आमच्या नात्यातल्या एका घरी गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. चार माळ्यांची जुनी इमारत, लाकडी जिना, प्रत्येक माळ्यावर सामाईक संडास. बिल्डरचा माणूस लॅपटॉपवर नव्या मनोऱ्याचे चित्र दाखवत होता. लिफ्ट, गाड्यांसाठी पाच माळे, वर बगिचा, प्रत्येक घरात स्वतंत्र संडास-बाथरूम. तरुण मुले खूश होती. इतक्यात दुसऱ्या माळ्यावरच्या खालांनी विचारले, ‘‘बेटा, सगळं छान आहे. पण माझ्या बाजूला कोण राहणार, तेवढं सांग.’’

सगळे हसले. बिल्डरचा माणूसही हसला. उत्तर मात्र कुणी दिले नाही.

घरी परतताना तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आज मुंबईत डोंगरी, भेंडीबाजार, नागपाडा, मदनपुरा इथल्या हजारो कुटुंबांसमोर संमतीपत्राचा कागद आहे किंवा उद्या येणार आहे. त्यावर सही करण्याआधी सरकारने नियम कसे बदलले आणि त्याचा आपल्या घरावर व मोहल्ल्यावर काय परिणाम होतो, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यायला हवे.

एफएसआयचा हिशेब

सगळा खेळ एका आकड्याचा आहे. एफएसआय, म्हणजेच चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंड एक हजार चौरस मीटरचा आणि एफएसआय एक असेल, तर सर्व माळे मिळून एक हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. एफएसआय तीन झाला की त्याच जमिनीवर तीन हजार चौरस मीटर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मुंबई शहरासाठी हा आकडा १.३३ आणि उपनगरांसाठी १ होता. पण जुन्या इमारतींनी त्याहून अधिक जागा आधीच व्यापलेली होती. तेवढ्याच परवानगीत त्या पाडून बांधायच्या, तर सगळ्या भाडेकरूंना घरे देणेही शक्य नव्हते. म्हणून नियम ३३(७) खाली अशा इमारतींना २.५ आणि पुढे ३ एफएसआय मिळाला. २००९ मध्ये ३३(९) हा समूह विकासाचा नियम आला. शहर भागात किमान चार हजार चौरस मीटर जमीन एकत्र केली, की एफएसआय ४. २०१८ मध्ये लागू झालेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ मध्ये हीच दिशा कायम राहिली.

भाडेकरूला घर मोफत मिळते असे म्हणतात. मग खर्च कोण करतो? समजा, भूखंड एक हजार चौरस मीटरचा आहे आणि तीन हजार चौरस मीटर बांधकामाची परवानगी आहे. जुन्या रहिवाशांच्या घरांना दोन हजार लागले, तर उरलेले एक हजार बिल्डर बाजारभावाने विकतो. त्याच पैशातून तुमचे घर बांधले जाते. म्हणजे तुमच्या घराची किंमत तुमच्या नव्या शेजाऱ्याने भरलेली असते. ती किंमत परवडणारा शेजारी कोण असेल, हे त्या गच्चीवर खालांशिवाय कुणालाच सुचले नव्हते.

‘नको’ म्हणण्याची चैन परवडणारी नाही

हे वाचून कुणी म्हणेल, मग पुनर्विकासच नको. तसे म्हणणे सोपे आहे. पण १२०–१५० फुटांच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात, रात्री सुनेला संडासला जायचे तर कुणाला तरी सोबत उठवावे लागते, तिथे हा सल्ला देणारा स्वतः बहुधा फ्लॅटमध्ये राहत असतो. नव्या नियमात निवासी भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचे घर मिळते. ही साधी गोष्ट नाही.

आणि प्रश्न जिवाचाही आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. इमारती ढासळू लागल्या, तेव्हा सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले आणि त्यासाठी उपकर लावला. म्हणून या इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून ओळखल्या जातात. पुढे हे मंडळ म्हाडाकडे आले. १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गातल्या कितीतरी इमारती आज टेकूंवर उभ्या आहेत.

३१ ऑगस्ट २०१७ ची सकाळ भेंडीबाजार विसरलेला नाही. बकरी ईद दोन दिवसांवर होती. पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जीव गेले. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती, पण तिच्यात अजून कुटुंबे राहत होती. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत तांडेल स्ट्रीटवर केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि बारांहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. म्हणून इमारत पाडावी की नाही, यावर घोळत बसण्यात अर्थ नाही. नवी उभी राहील तेव्हा आपण तिथे कसे राहणार आणि किती दिवस राहू शकणार, याची चर्चा व्हायला हवी.

गर्दी आपल्याला नवी नाही

उंच इमारतींना विरोध करणारे अनेकदा म्हणतात की दाटी वाढेल. आपल्या मोहल्ल्यांना दाटीची भीती कुणी घालू नये. दाटीतच आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. सामाईक गॅलरीत मुले खेळली, एकीच्या घरची वाटी दुसरीच्या घरी गेली, रमजानमध्ये इफ्तारची ताटे जिन्यावरून वरखाली झाली. मय्यत झाली तर कफनदफनाची व्यवस्था बाजूच्याच घराने केली.

उलट, गेल्या काही दशकांत शहरातली माणसे कमीच झाली आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. जुन्या चाळींच्या जागी टोलेजंग मनोरे उभे राहत होते, त्याच काळातली ही जनगणना आहे. याच दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली. याला कारणे अनेक आहेत. कुटुंबे वाढली, खोल्या पुरेनात, काहींनी जागा विकून मोठे घर घेतले, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याकडे गेली ती वेगळीच. पण माळे वाढले म्हणजे माणसे वाढतात, किंवा होती ती माणसे तिथेच राहतात, असा नियम नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

गिरणगावाचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. मदनपुऱ्यातल्या विणकर घरांतली माणसेही गिरण्यांत कामाला होती. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी करून एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक हिस्सा सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीची, असे ठरले. नियमातल्या एका बदलाने लोकांच्या वाट्याची जमीन आटली. आज परळमध्ये काचेचे मनोरे आहेत, आणि ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या, त्यांची मुले कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमध्ये उभी असतात. नियमावलीतली एखादी ओळ वाचायची राहून गेली, तर एवढी किंमत मोजावी लागते.

भेंडीबाजारचा धडा

समूह विकासाचा देशातला सर्वांत चर्चेतला प्रयोग आपल्याच मोहल्ल्यात चालू आहे. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी २००९ मध्ये त्यासाठी सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असा हा पसारा आहे. किमान साडेतीनशे चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर, असे वचन होते. पहिल्या टप्प्यातले मनोरे उभे राहिले आणि जुने रहिवासी त्यांत राहायला गेले.

यात शिकण्यासारखे बरेच आहे. योजना नफ्यासाठी काढलेली नव्हती. तात्पुरती घरे फार दूर न देता माझगावात अंजीरवाडीसारख्या ठिकाणी दिली गेली, त्यामुळे शाळा, मशीद आणि धंदा अगदी तुटला नाही. दुकानदारांचा विचार आराखड्यातच केला गेला.

पण दुसरी बाजूही पाहा. इतकी एकजूट, असे नेतृत्व आणि असा पैसा असूनही अडीचशे इमारतींचे काम दशकभरात पुरे झाले नाही. शेकडो मालक-भाडेकरूंशी एकेक करून बोलावे लागले. आपल्या बहुतेक गल्ल्यांत तर असा ट्रस्ट नाही. भूखंड लहान, मालक अनेक, वारसांचे आपसात वाद. चार हजार चौरस मीटर एकत्र करायचे तर आठ-दहा इमारतींना एका विचाराने उभे राहावे लागते. ते जमले नाही की एकेक इमारत एकेका बिल्डरच्या हाती जाते, आणि मोहल्ल्याचा विचार करणारा कुणीच उरत नाही.

प्रकाश, दुकान आणि महिन्याचे बिल

घर मोठे झाले म्हणजे राहणे सुधारले, असे गृहीत धरू नये. गोवंडीत प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या वसाहतींत सात माळ्यांच्या इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या माळ्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ मध्ये तिथल्या वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा ऊन-वारा न मिळणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसून आला. म्हणून नकाशा पाहताना फक्त आपल्या खोलीची लांबी-रुंदी पाहू नका. खिडकी कुठे उघडते, समोर काय आहे, बाजूच्या इमारतीपासून अंतर किती, हेही विचारा.

दुसरी गोष्ट तळमजल्याची. आपल्या गल्ल्यांत तळमजला कमावतो आणि वरचे माळे राहतात. टेलर, जरीवाला, नानबाई, अत्तरवाला, लोखंडी सामानवाला असे सगळे खाली असतात. नियमाप्रमाणे दुकानदाराला जेवढी जागा होती तेवढीच मिळते. पण ती रस्त्यावर मिळणार की पार्किंगच्या मागे दुसऱ्या माळ्यावर, यावर त्याचा धंदा ठरतो. दुकानाला तोंड रस्त्याकडे हवे, हे करारात लिहिलेले असले पाहिजे.

याच ठिकाणी बायकांचा हिशेब कुणी करत नाही. घरबसल्या शिलाई, टिकल्या-खडे लावणे, डबे, रमजानमध्ये समोसे-कबाबच्या ऑर्डरी, या कमाईला ना परवाना आहे ना पावती. ती कमाई चालते, कारण माल देणारा कारखानदार खालच्या गल्लीत असतो आणि मुलावर लक्ष ठेवणारी शेजारीण गॅलरीत असते. तीन-चार वर्षे दूरच्या संक्रमण शिबिरात गेले की ही साखळी तुटते. भाड्याचा चेक मिळतो. बुडालेल्या ऑर्डरीचा चेक कुणी देत नाही.

तिसरी गोष्ट मेंटेनन्सची. पागडीच्या घराला महिन्याला काही शे रुपये भाडे द्यायची सवय असते. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा, रखवालदार आणि मालमत्ता कर असतो. उंची वाढली की हा खर्चही वाढतो. ३३(७) च्या नियमात बिल्डरने दहा वर्षांच्या देखभालीसाठी कॉर्पस फंड ठेवायचा असतो. तो किती, कुणाच्या खात्यात, आणि दहा वर्षांनंतर काय, हे विचारायचे राहून जाते. घर मिळूनही ते सोडावे लागणाऱ्यांत एखादी विधवा किंवा पेन्शनवर जगणारे जोडपे असते. त्यांना बिल्डरने काढलेले नसते. महिन्याच्या बिलाने काढलेले असते.

घराच्या आत मिटवायचा प्रश्न

एक विषय बिल्डरचा नाही, आपलाच आहे. कितीतरी खोल्यांची भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे. भाडे कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर जागा प्रथम त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे जाते. सासरी गेलेली मुलगी, गावी राहणारी विधवा आई यांचे नाव तिथेच मागे पडते. जागा पागडीची होती तोवर हे कुणाला बोचले नाही. पण तिच्या बदल्यात मालकीचे घर मिळते आणि त्याची किंमत कोटीच्या घरात जाते, तेव्हा भावाभावांत आणि भावाबहिणींत कोर्टकचेऱ्या सुरू होतात.

ज्या समाजाला मुलीचा आणि आईचा वाटा शतकांपूर्वी ठरवून मिळाला, त्या समाजाने ‘पावती माझ्या नावावर आहे’ या सबबीमागे लपणे शोभत नाही. संमतीपत्रावर सही होण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कुणाचे नाव लागणार आणि कुणाला काय मिळणार, हे लिहावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि वकिलाला दाखवावे. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह अल्-बकरातली सर्वांत मोठी आयत त्याच विषयावर आहे.

सही करण्याआधी

पूर्वी ३३(७) साठी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, आता ५१ टक्के पुरते. ठरलेल्या प्रमाणात सह्या झाल्या की उरलेल्यांनाही पुढे जागा सोडावी लागते. म्हणजे तुमच्या सहीला वजन आहे ते ५१ टक्के पूर्ण होण्याआधी. तेव्हा पुढच्या गोष्टी आधीच तपासा.

• म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने प्रमाणित केलेल्या रहिवाशांच्या यादीत तुमचे नाव आणि क्षेत्रफळ बरोबर आहे का? भाडेपावत्या, विजेची बिले आणि मृत्यूचे दाखले एका फाईलमध्ये ठेवा.

• नवे घर किती फुटांचे ‘कार्पेट’? ‘बिल्ट-अप’ किंवा ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दांवर समाधान मानू नका.

• तात्पुरते भाडे किती, दरवर्षी किती वाढणार, किती महिन्यांचे आगाऊ मिळणार? ते बंद पडले तर वसूल कुठून करायचे? बँक गॅरंटी आहे का?

• ताबा कधी? उशीर झाला तर दंड किती? प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख पाहता येते.

• मशीद, मदरसा किंवा दर्गा आवारात असेल, तर नव्या आराखड्यात त्याची जागा आणि वाट कुठे? जागा वक्फची असेल, तर वक्फ मंडळाची परवानगी आहे का?

• कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत असावा. खोली रिकामी करण्याआधी तो हातात असावा, नंतर नव्हे.

मालकच हलत नसेल, तरी वाट बंद नाही. इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव आणला नाही, तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने मिळतात आणि त्यानंतर म्हाडा पुढे येऊ शकते, अशी दुरुस्ती राज्याने म्हाडा कायद्यात केली आहे. पण त्यासाठी भाडेकरूंची एकी आधीपासून असावी लागते. नोटीस दारावर चिकटल्यावर ती जमत नाही.

खालांचा प्रश्न

डोंगरीतल्या त्या इमारतीत दुसरी सभा झाली, तेव्हा चित्र वेगळे होते. मुलांनी प्रश्नांची यादी काढली होती. बायका मागे जिन्यावर न थांबता पुढे बसल्या होत्या. एका भाचीने नकाशावर बोट ठेवून विचारले, ‘‘जुन्या भाडेकरूंचे माळे सलग का नाहीत? वर-खाली असे का विखुरले आहेत?’’

बिल्डरच्या माणसाने सांगितले की विक्रीची घरे वरच्या माळ्यांवर चांगल्या भावाने जातात. त्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी एवढे ठरले की जुन्या रहिवाशांची घरे सलग माळ्यांवर यावीत, ज्यांना एकमेकांशेजारी राहायचे आहे त्यांनी तसे लिहून द्यावे, आणि हे कलम करारात यावे.

खालांनी सर्वांत आधी लिहून दिले. समोरच्या खोलीतल्या आपांचे नाव. दोघींच्या घरांची दारे चाळीस वर्षे समोरासमोर आहेत.

कराराचा मसुदा अजून आलेला नाही. सहीही अजून झालेली नाही. खाला म्हणतात, ‘‘आधी कागदावर येऊ दे. चष्मा लावून वाचीन, मग सही.’’